घरचं अत्तर: तेलात की अल्कोहोलमध्ये?

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत तेलाच्या बाजूने. १० मिलीच्या रोल-ऑन बाटलीत जोजोबा तेल घ्या, त्यात चंदन, वाळा, लव्हेंडर अशी सुगंधी तेलं मिळून २० थेंब, म्हणजे साधारण १ मिली. दोन-तीन दिवसांत वापरायला तयार. वास अंगाजवळच राहतो, पण टिकतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजचं पारंपरिक अत्तरही चंदनतेलातच उतरवतात. तिथे मात्र ऊर्ध्वपातन असतं, म्हणजे फुलं पाण्यात उकळून त्यांच्या वाफेतून सुगंध काढतात. घरी मोगरा नुसता तेलात भिजवून तसा वास येत नाही, उगाच फुलं वाया.

अल्कोहोलचा स्प्रे फवारताच दरवळतो, कपड्यांवर तेलाचा डाग पडत नाही. पण तो निदान दोन आठवडे अंधारात मुरवावा लागतो आणि लवकर उडतो. खरी अडचण इथेनॉलची, म्हणजे त्यात लागणाऱ्या अल्कोहोलची: त्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असल्याने ते सहज मिळत नाही. सॅनिटायझर हा पर्याय नव्हे, त्याचा स्वतःचाच वास नाकात बसतो. शिवाय मिश्रण पेट घेणारं, गॅसपासून लांबच बरं.

लिंबाचं दाबून काढलेलं तेल दोन्हीकडे जपून. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते.