कापूस, काथ्या की फोम: दबलेली गादी परत उठते का?

दुकानात आपण गादी मुठीने दाबतो आणि ‘मऊ आहे’ म्हणून मोकळे होतो. मूठ दोन सेकंद दाबते, माणूस सात-आठ तास निजतो. तेव्हा गादी किती खाली जाते यापेक्षा सोडल्यावर किती वर येते, ते बघायला हवं.

या परीक्षेत कापूस सर्वांत कच्चा. तंतूंना स्वतःची उसळी फार थोडी. वजन पडलं की ते एकमेकांवर घसरतात, मधली हवा निघून जाते आणि ते तसेच गुंतून बसतात. पावसाळ्यात ओल धरली की आणखी चेपतात. पण उन्हात टाका, झोडपा, काही वर्षांनी पिंजून घ्या, तोच कापूस पुन्हा फुगतो. ही सोय काथ्या किंवा फोमच्या गादीत नाही. शहरात पिंजारी सापडला पाहिजे, एवढंच!

काथ्याच्या गादीत कुरळे केलेले तंतू रबराच्या चिकाने जागोजाग चिकटवलेले असतात. म्हणून ते घसरत नाहीत, वाकून परत सरळ होतात. गादी कडक, हवा खेळती. मात्र हे सांधे सुटले की तिथे खड्डा पडतो आणि तो कायमचाच.

फोमचं वागणं तीन टप्प्यांचं. आधी थोडा विरोध, मग आतल्या पेशींच्या भिंती वाकतात आणि थोड्याच जादा वजनात तो बराच खाली जातो, शेवटी भिंती एकमेकींना टेकतात आणि तो टणक होतो. पातळ फोमवर कंबरेला खालची फळी लागते ती इथे. दुकानदार ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ सांगतो, ते घनमीटरला किलो, कडकपणा नव्हे. ४० चा फोमही मऊ असू शकतो, पण साधारणपणे तो उशिरा बसतो. खरा आकडा ‘कॉम्प्रेशन सेट’चा. त्या चाचणीत सहसा तुकडा निम्म्या जाडीपर्यंत दाबून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवतात, सोडल्यावर अर्ध्या तासाने किती जाडी परत आली नाही ते मोजतात. आकडा जितका कमी, तितका फोम चांगला.

हल्ली मिळणारी थ्रीडी जाळी, म्हणजे दोन कापडांमध्ये पॉलिएस्टरचे उभे ताठ धागे, घामासाठी उत्तम. पण वरचा थर म्हणूनच.

गच्ची आणि ऊन असेल तर कापूस घ्या. फ्लॅटमध्ये, रोजच्या झोपेला, मी खाली काथ्या आणि वर दोन इंच ४० चा फोम घेईन. नुसता फोम घ्यायचा तर सहा इंचांखाली नको.