कृष्णधवल फिल्म, स्कॅन आणि प्रिंट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

निगेटिव्ह स्कॅनच करायची असेल तर कोणतीही फिल्म चालते, टोन नंतर संगणकावर हवे तसे बदलता येतात, असे मी बरीच वर्षे मानत आलो. आठ महिने इलफोर्ड एचपी5 प्लस, कोडॅक टी-मॅक्स 100 आणि इलफोर्ड एक्सपी2 सुपर या तीन फिल्म एकाच 35 मिमी कॅमेऱ्यात वापरल्यावर, 4000 डीपीआयला (इंचाला 4000 बिंदू) स्कॅन करून एकाच मॅट कागदावर 12×18 इंचांचे प्रिंट काढल्यावर ते मत मी सोडले आहे. या आकारात निगेटिव्ह जवळजवळ तेरापट मोठी होते आणि काहीच लपत नाही.

वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटावर, काळ्या दगडी पायरीवर सोबत नेलेले पांढरे धोतर पसरून, दुपारच्या उन्हात तिन्ही फिल्मवर मी तीच चौकट टिपली. टी-मॅक्सवर धोतराची वीणसुद्धा मोजता येईल अशी अपेक्षा होती. पहिल्या रोलवर मात्र तिथे सपाट पांढरा डाग आला. एप्रिलमध्ये पुण्यातल्या नळाचे पाणी कोमट असते आणि या फिल्मला डेव्हलपरच्या (प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाच्या) तापमानातला थोडा फरकही लगेच जाणवतो, त्यामुळे उजेडाच्या जागी निगेटिव्ह इतकी दाट झाली की स्कॅनरला तिच्यातून स्वच्छ तपशील काढता आला नाही. पुढच्या रोलला डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून 20 अंशांवर आणली, तेव्हा वीण दिसली. या फिल्मला फिक्सरमध्येही (प्रतिमा कायम करणाऱ्या रसायनात) जास्त वेळ लागतो. घाई केली तर निगेटिव्हवर गुलाबी झाक राहते.

एक्सपी2 सर्वांत सोयीची आहे. ती रंगीत निगेटिव्हच्या सी-41 प्रक्रियेत धुतली जाते आणि तिच्यातली प्रतिमा चांदीची नसून रंगद्रव्याची असल्याने स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई तिच्यावर चालते. उरलेल्या दोन्ही फिल्मवर ती चालत नाही, कारण चांदीही धुळीसारखीच इन्फ्रारेड किरण अडवते. तिथे एकेका चौकटीतली धूळ हाताने टिपण्यात माझी पाऊण-पाऊण तास बैठक होते. फिल्मचा वेग (आयएसओ) 400 ऐवजी 200 धरून एक्स्पोज केल्यास एक्सपी2चा ग्रेन, म्हणजे प्रतिमेतला कणीदारपणा, आणखी मऊ होतो. माणसांच्या चेहऱ्यांसाठी मी आता हीच वापरतो, पण मेणवलीचा दगड तिने साबण लावल्यासारखा गुळगुळीत केला, हे मला मनापासून खटकले.

एचपी5चा ग्रेन स्कॅनमध्ये मूळच्यापेक्षा भरड दिसू शकतो, कारण फिल्मचे कण आणि स्कॅनरचे पिक्सेल एकमेकांशी नीट जुळत नाहीत. त्यावर शार्पनिंग (कडा धारदार करणारी प्रक्रिया) चढवले की आकाशात वाळू पसरते. एका लॅबने मला असेच, आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवलेले आठ बिटचे (कमी करड्या छटांचे) स्कॅन दिले होते आणि त्यांतून एकही प्रिंट धड निघाला नाही. घरी सोळा बिटमध्ये, शार्पनिंग पूर्ण बंद ठेवून तीच निगेटिव्ह पुन्हा स्कॅन केली. त्या प्रिंटमध्ये धोतराच्या घड्या शाबूत आहेत आणि सावलीतल्या पायरीवर टाकीचे घाव एकेक करून दिसतात.