ग्रॉसिंग टेबलावरचा फॉर्माल्डिहाइड मीटर: घ्या, पण हिरव्या दिव्यावर विसंबू नका

हिस्टोपॅथॉलॉजी आणि अ‍ॅनाटॉमीत काम करणाऱ्यांसाठी लिहितेय. हातात धरायचा, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा फॉर्माल्डिहाइड मीटर आमच्या लॅबमध्ये आला तेव्हापासून तो ग्रॉसिंग टेबलाजवळच, म्हणजे शस्त्रक्रियेतून आलेले अवयव कापून तपासतो तिथे, असतो आणि मी तो रोज वापरते. घ्यावा का, असं विचारलंत तर नक्की घ्यावा. पाचपैकी साडेतीन गुण देईन. दीड गुण कापलेत ते स्क्रीनवरच्या एका रंगासाठी, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय.

आधी चांगलं सांगते. बटण दाबलं की आतला छोटा पंप हवा ओढतो, सेन्सरवर फॉर्माल्डिहाइडचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून निर्माण झालेला विद्युतप्रवाह मोजून मिनिटभरात पीपीएममध्ये (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आकडा येतो. "वास तर येतोच की, मग यंत्र कशाला?" असं आमच्याकडेही म्हणून झालं. पण नाक सरावतं. सकाळी दार उघडताना डोळ्यांना झोंबणारी हवा थोड्या वेळाने जाणवेनाशी होते, हवा मात्र तीच असते.

खरा उपयोग झाला तो कुठे मोजायचं हे कळल्यावर. खोलीच्या मधोमध धरला तर आकडा अगदी साधा येतो. तोच मीटर आपण मान वाकवून काम करतो तिथे, नाकाच्या पातळीला धरा आणि मोठ्या बरणीचं झाकण काढा. रात्रभर फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणात, बुडालेलं गर्भाशय किंवा कोलन बोर्डावर ठेवलंय, कापलेल्या कडेतून फॉर्मॅलिन निथळतंय, अशा वेळी आमच्याकडे आकडा १ पीपीएमच्या पुढे जातो. उरलेलं फॉर्मॅलिन कॅनमध्ये ओतताना त्याहून वर. आणि जिथे कुणी बघतच नव्हतं ती जागा म्हणजे टेबलाखालची बिन. फॉर्मॅलिनने भिजलेलं गॉझ आणि टिश्यू पेपर दिवसभर उघडे पडून असायचे, आणि संध्याकाळी मावशी वाकून ती पिशवी उचलायच्या. आता बिनला झाकण आहे आणि पिशवी आम्हीच बांधून ठेवतो. टेबलाच्या मागच्या कडेला एक्झॉस्टची जी फट असते, तिच्यापुढे कॅसेटचे (टिश्यूचे तुकडे ठेवायच्या छोट्या डब्यांचे) ट्रे रचलेले असायचे. ते हटवले तर आकडा डोळ्यांदेखत खाली आला. एवढं एक दाखवलं तरी मीटरचं सार्थक झालं म्हणेन.

आता दोष. अल्कोहोलला हा सेन्सर भुलतो. सॅनिटायझर लावलेल्या हातात मीटर घेतला की आकडा उसळतो, आणि टिश्यू प्रोसेसरचं अल्कोहोल बदलताना तर मोजूच नये. सेन्सर हळूहळू म्हातारा होतो, म्हणून कॅलिब्रेशन ठरलेल्या वेळी करून घ्यावंच लागतं. हे सगळं माहिती असलं की सांभाळून घेता येतं.

सांभाळून घेता येत नाही तो हिरवा दिवा. आमच्या मीटरवर ०.७५ पीपीएमपर्यंत हिरवा दिवा लागतो. हा आकडा अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा, आहे आणि तो ८ तासांच्या सरासरीसाठी आहे. मीटर दाखवतो त्या क्षणाचं वाचन. दोघांची सांगड घालणंच मुळात चूक. शिवाय युरोपीय संघाची ८ तासांची मर्यादा ०.३ पीपीएम आहे, अमेरिकेतल्याच नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस ०.०१६ पीपीएम, आणि घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ३० मिनिटांसाठी घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.०८ पीपीएम, सांगितलंय. एकाच वायूसाठी इतके वेगवेगळे आकडे असताना हिरवा रंग नेमकी कशाची हमी देतो?

फॉर्मॅलिन टिश्यूला काय करतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लुम जंतुनाशक म्हणून ते तपासत होते, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि तिथून फॉर्मॅलिनने फिक्सेशन, म्हणजे टिश्यू आहे तसं टिकवणं, सुरू झालं. फॉर्माल्डिहाइडचा रेणू प्रथिनांतल्या अमिनो गटांना धरतो, मधे एका कार्बनचा पूल बांधतो आणि दोन रेणू एकमेकांना जखडून टाकतो. मेणाच्या ब्लॉकमधल्या टिश्यूत आपल्याला हेच हवं असतं. पण आपल्या नाकातल्या जिवंत पेशीतही तो हेच करतो. तिथे डीएनएला चिकटून हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) आणि इतर प्रथिनं असतातच, ती डीएनएला घट्ट जखडली जातात. याला डीएनए-प्रथिन क्रॉसलिंक म्हणतात. डीएनएचे दोन धागेही असेच एकमेकांना जोडले जाऊ शकतात.

पेशी विभागत नाही तोवर हे फारसं कळत नाही. विभाजनाआधी डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या गाठीपाशी पोचते आणि अडते. पेशीकडे उपाय आहेत. स्पार्टन नावाचं एन्झाइम अडकलेलं प्रथिन कुरतडून बाजूला करतं, फॅन्कोनी नावाच्या दुरुस्ती मार्गातली प्रथिनं जोडलेले धागे सोडवतात, आणि बीआरसीए-२ हे प्रथिन थांबलेल्या जागेवरचा ताजा डीएनए सांभाळतं, नाहीतर पेशीचीच एन्झाइम्स तो खाऊन टाकतात. हे जमलं नाही की धागे तुटतात, गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या जागी जुळतात, जीनोमची घडी विस्कटते. एम्बामिंग (मृतदेह रसायनांनी टिकवणं) शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या पेशींत मायक्रोन्यूक्लिआय, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे, वाढलेले दिसले होते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर होते, कारण ती आपलीच माणसं.

बीआरसीए-२ बद्दलचं २०१७ चं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा केंब्रिजमध्ये असलेल्या अशोक वेंकिटरामन यांच्या गटाने दाखवलं की फॉर्माल्डिहाइड पेशीतलं बीआरसीए-२ प्रथिनच नष्ट करवतं. ज्यांच्याकडे हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असते त्यांच्या पेशींत ते आधीच कमी असतं, त्यामुळे ते गरजेच्या पातळीखाली घसरतं आणि नक्कल होताना डीएनएला इजा होते. म्हणजे चांगली प्रत शाबूत असूनही ती पुरी पडत नाही. हे प्रयोग पेशींवरचे आहेत आणि श्वासातून आलेलं फॉर्माल्डिहाइड बहुतांश नाक-घशातच अडतं, हे मान्य. तरीही एका टेबलावर शेजारी उभ्या असलेल्या दोघींच्या पेशी सारख्याच तयारीच्या नसतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

शिवाय फॉर्माल्डिहाइड फक्त बरणीतून येतं असंही नाही. शरीर ते स्वतः तयार करतं, आणि एडीएच-५ व एएलडीएच-२ ही दोन एन्झाइम्स ते सतत साफ करत असतात. ही दोन्ही जन्मतः बिघडलेल्या मुलांमध्ये लहान वयातच अस्थिमज्जा निकामी होते, असं २०२० मध्ये जपानी रुग्णांवरून नोंदवलं गेलं. एएलडीएच-२ चं दुबळं रूप पूर्व आशियात कोट्यवधी लोकांत आहे. बाहेरून येणारा वाफेचा झोत या रोजच्या सफाईवर जादा भार टाकतो. उंदरांवरचे जुने प्रयोगही हेच सुचवतात: सुमारे ६ पीपीएमला नाकाचा कर्करोग जवळपास १ टक्का उंदरांत, आणि सुमारे १५ पीपीएमला जवळपास निम्म्यांत. डोस अडीच पटींनी वाढला, पण रोग कितीतरी अधिक. म्हणून मला दिवसभराच्या सरासरीइतकीच झाकण उघडतानाच्या झोताची काळजी वाटते. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइड पहिल्या गटात (माणसाला कर्करोग करणारं) टाकलं ते नाकामागच्या घशाच्या कर्करोगामुळे, पुढे २००९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचाही समावेश झाला. मीटर हवा मोजतो. माझ्या पेशीत किती गाठी पडल्या आणि किती सुटल्या, हे त्याला कळायचा मार्ग नाही, आणि म्हणूनच त्याने हिरवा रंग दाखवू नये.

मीटरसोबत कॉलरला लावायचा डीएनपीएच बॅजही (त्यातलं रसायन फॉर्माल्डिहाइड पकडून ठेवतं) मागवा. तो दिवसभर हवा शोषतो, नंतर प्रयोगशाळेत एचपीएलसी या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासला जातो आणि त्या माणसाच्या पाळीची खरी सरासरी देतो. अल्कोहोलचा गोंधळ त्यात होत नाही. जागा शोधायला मीटर, हिशेब ठेवायला बॅज. मात्र आकडा वर दिसला म्हणून एन-९५ मास्क चढवून निर्धास्त होऊ नका. तो कण अडवतो, वायू नाही. फॉर्माल्डिहाइडसाठीची कार्ट्रिज (वायू शोषणारी डबी) असलेला रेस्पिरेटरच लागतो, आणि तोही एक्झॉस्ट नीट केल्यानंतर.

घरच्या नव्या पार्टिकल बोर्डाच्या कपाटासाठी कुणी विचारत असेल तर हा मीटर चालेल, पण उष्ण आणि दमट दिवशी खोली बंद ठेवून मोजा, कारण त्यातलं युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन उष्णतेने आणि ओलाव्याने जास्त वायू सोडतं. व्हीओसी (हवेत उडणारी सगळीच सेंद्रिय रसायनं) सेन्सरवरून अंदाजाने फॉर्माल्डिहाइडचा आकडा दाखवणारी साधी उपकरणं घेऊ नका. अत्तर फवारलं तरी ती लाल होतात.

कंपनीला मी लिहिलंय की रंग काढून टाका, किंवा निदान मर्यादा वापरणाऱ्याला ठरवू द्या. दुसरी विनंती केलीय ती सर्वोच्च वाचन वेळेसकट साठवून ठेवण्याची, म्हणजे झोत नेमका कुठल्या कामात आला हे संध्याकाळी बघता येईल. नव्या आवृत्तीत हे आलं तर इथेच कळवेन आणि गुण वाढवेन. तोवर आम्ही दिव्यावर चिकटपट्टी लावलीय आणि फक्त आकडा वाचतो.