कॅन्ससमधील हरणाची शिकार: खुली जमीन, शेतकऱ्याची परवानगी की भाडेपट्टा?

अमेरिकेतील कॅन्सस राज्याची सुमारे ९७ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे तेथे व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या, हरणाच्या शिकारीचा बेत आखताना कोणती बंदूक न्यावी याआधी कोणाच्या शेतात उतरता येईल, हे ठरवावे लागते. राज्याबाहेरच्या शिकाऱ्याला परवान्याचा अर्ज एप्रिलमध्येच भरावा लागतो आणि त्यातच राज्याच्या कोणत्या भागात शिकार करायची तो विभाग निवडायचा असतो; म्हणजे जागेचा शोध त्याही आधी सुरू व्हायला हवा.

सरकारी ‘वॉक-इन’ योजना सर्वांत स्वस्त. १९९५ पासून राज्याचे वन्यजीव खाते शेतकऱ्यांना मोबदला देऊन त्यांची जमीन हंगामापुरती खुली करून घेते, आणि आज अशी जमीन दहा लाख एकरांहून अधिक आहे. तेथे मालकाला विचारावे लागत नाही. मात्र आत पायीच जावे लागते. अडचण अशी की डिसेंबरमधला बंदुकीचा हंगाम जेमतेम बारा दिवसांचा, आणि खुल्या जमिनीची खूण असलेल्या त्याच फलकापाशी पहाटे आणखी दोन गाड्या लागलेल्या असू शकतात.

शेतकऱ्याला प्रत्यक्ष भेटून परवानगी मिळवणे कष्टाचे असले, तरी हाती लागणारी जागा बहुधा अधिक चांगली असते. ओढ्याकाठी कॉटनवुड या उंच वृक्षांची झाडी आणि तिला लागून मायलोचे, म्हणजे आपल्या ज्वारीचेच, कापणी झालेले रान, असा १६० एकरांचा एखादा तुकडा मिळाला की काम निम्मे झाले: हरणे दिवसा झाडीत बसतात आणि तिन्हीसांजेला धसकटांतले सांडलेले दाणे खायला बाहेर पडतात. प्रवेशबंदीचा फलक नसला तरी खासगी जमिनीवर परवानगी लागतेच, आणि कुंपणाच्या खांबांवर जांभळा रंग दिसला तर ती लेखी लागते. विचारायला गव्हाची कापणी उरकल्यावर, जुलैच्या सुमारास जावे. कापणी ऐन भरात असताना बांधावर उभ्या राहिलेल्या परक्या माणसाशी बोलायला कोणत्याच देशातल्या शेतकऱ्याला सवड नसते.

भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर गर्दीचा प्रश्न उरत नाही, पण एकट्याला तो खर्च परवडत नाही. तीन-चार जण दरवर्षी येणार असतील तरच त्याचा विचार करावा. वाटाड्यासह आखलेल्या शिकारीला काही हजार डॉलर मोजावे लागतात, आणि हाताशी चारच दिवस असतील तर ते मोजावेत.

पहिल्याच वर्षी जाणाऱ्याने माझ्या मते एका विभागात दोन-तीन शेतकऱ्यांची परवानगी मिळवावी आणि जवळची वॉक-इन जमीन नकाशावर खुणावून ठेवावी, कारण ओढ्यावरून वारा उलटा वाहू लागला की माणसाचा वास हरणांपर्यंत पोहोचतो आणि त्या दिवशी ती झाडी सोडून दुसरी जागा गाठावी लागते.