डीडीआर5 6000 सीएल30 रॅम: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

सेटअप आधी सांगतो. रायझन 5 7600 प्रोसेसर, बी650 मदरबोर्ड, 16-16 जीबीच्या दोन रॅम स्टिक, डीडीआर5 6000, सीएल30, एक्स्पोवाली किट (एक्स्पो म्हणजे रॅमचं एएमडीसाठीचं तयार वेगाचं सेटिंग). 2024 च्या दिवाळीनंतर घेतली, म्हणजे अख्खा उन्हाळा आणि नवतपासुद्धा या मशीनवर निघालाय. मुद्दाम थांबून लिहितोय कारण रॅमचे बहुतेक रिव्ह्यू एसी रूममध्ये उघड्या टेबलावर बोर्ड मांडून केलेले असतात, आणि आपल्या इथं मे महिन्यात बाहेर 45 च्या वर, घरात कुलर लावूनही पस्तिशीच्या खाली काही येत नाही, त्यात कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला लागून. तिथं रॅम कशी वागते ते कुणी सांगत नाही राजेहो.

बर्डीवर (नागपूरचा सीताबर्डी बाजार) किट पाहायला गेलो तर दुकानदाराने आधी 7200 ची आरजीबी (रंगीत लाइटवाली) काढून दाखवली, "भाऊ, हीच घ्या, आकडा मोठा आहे." आकडा मोठा आहे हे खरंच, पण रायझन 7000 वर 6000 ते फार तर 6400 पर्यंतच मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने पळतो, त्याच्या वर गेलं की बोर्ड सहसा कंट्रोलरला अर्ध्या वेगावर टाकतो आणि जास्तीचे पैसे देऊन घेतलेला फायदा तिथंच जातो. दुसरं म्हणजे नुसता वेग पाहू नका, सीएल पण पाहा, म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती क्लॉक थांबवते तो आकडा, जितका कमी तितका चांगला. साधा हिशोब आहे, सीएलला 2000 ने गुणा आणि वेगाने भागा, नॅनोसेकंद निघतात. 6000 सीएल30 म्हणजे 10, 6000 सीएल36 म्हणजे 12, आणि 5200 सीएल40 घेतली तर 15 च्या वर. जुन्या डीडीआर4 3200 सीएल16 चे पण 10 च होते, म्हणून स्वस्तातली स्लो डीडीआर5 घेऊन "काही फरक नाही पडला" म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत. तरी 30 आणि 36 मधला फरक गेममध्ये थोडाच आहे, आणि एक्स3डी वाला प्रोसेसर असेल तर अजूनच कमी, कारण त्याची कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) एवढी मोठी असते की रॅमकडे जायची वेळ कमी येते.

बसवताना दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, मग बायोसमध्ये एक्स्पो चालू. हे केलं नाही तर बऱ्याच किट 4800 वरच चालत राहतात, टास्क मॅनेजर उघडून एकदा पाहून घ्या. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, ते मेमरी ट्रेनिंग असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, बिलकुल बंद करू नका. माझ्या मामेभावाने घाबरून फोन केला होता, भाऊ डिस्प्लेच येत नाहीये, त्याला म्हटलं जेवून घे आणि मग पाहा, जेवून येईपर्यंत विंडोज आली होती.

आता गर्मीचं, जे खरं सांगायचंय. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक बारीकसा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळत राहतो म्हणून तो सारखा परत भरावा लागतो, यालाच रिफ्रेश म्हणतात. डीडीआर5 मध्ये हे साधारण दर 3.9 मायक्रोसेकंदाला होतं. चिप जितकी गरम तितका चार्ज लवकर गळतो, म्हणून 85 डिग्रीच्या वर स्टँडर्डच सांगतं की रिफ्रेश दुप्पट वेळा करा. त्यात डीडीआर5 मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप बोर्डवरून स्टिकवर आलीय आणि एक्स्पोमध्ये 1.1 च्या जागी 1.35 व्होल्ट वगैरे जातात, म्हणजे स्टिक स्वतःच तापते आणि वरून ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट तिच्यावर.

हिवाळ्यात मी बायोसमध्ये टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वाढवून 50000 वर ठेवलं होतं. 6000 वर नेहमीचा आकडा 11700 च्या आसपास असतो, वाढवलं की रिफ्रेश कमी वेळा होतो आणि गेम जरा स्मूद चालतात. डिसेंबर-जानेवारीत स्टिक पंचेचाळीसच्या आसपास, सगळं एकदम मस्त. मे लागला आणि दोन-तीन तास खेळलं की गेम डेस्कटॉपवर फेकायला लागला, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर स्टिक साठ डिग्रीच्या वर. डीडीआर5 च्या स्टिकमध्येच सेन्सर असतो, त्यामुळे हे पाहायला काही वेगळं लागत नाही. टीआरईएफआय परत ऑटोवर आणलं, कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे घेतलं, मागच्या पंख्याचा स्पीड वाढवला, तेव्हापासून एकही क्रॅश नाही. फ्रेम कमी झाल्या असतील थोड्या, खेळताना मला तरी जाणवलं नाही.

याच्यातून एक गोष्ट फार कामाची कळली. रात्री मेमटेस्ट86 (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून सकाळी पास दिसलं की आपण निश्चिंत होतो, पण त्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड पडलेलं असतं, म्हणून रॅम पण तेवढी तापत नाही. नागपुरात असाल तर विंडोजमध्ये टेस्टमेम5 ही रॅम टेस्ट लावा, सोबत फरमार्क या ग्राफिक्स टेस्टने कार्ड तापवा, आणि तेही दुपारी दोन-तीनला. तिथं टिकली ती सेटिंग खरी. कुलरचा झोत मात्र सरळ कॅबिनेटवर घेऊ नका, थंड वाटतं पण ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

32 जीबी पुरते का, तर हो. क्रोम, डिस्कॉर्ड आणि मोठा गेम मिळून माझे वीसच्या वर जातात, म्हणजे 16 मध्ये अडकलो असतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024 तर रेकमेंडेडमध्येच 32 मागतो.

किमतीचं काय सांगू. 2025 च्या शेवटी एआय डेटा सेंटरमुळे रॅम जी महाग झाली ती पाहून जीव जळतो, मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियलचा ग्राहकांचा धंदा बंद करतोय असंच जाहीर केलं. नवीन बिल्ड करणाऱ्या पोरांची यात खरंच पंचाईत झालीय. तरी बजेटमध्ये बसवायचं म्हणून 8-8 च्या दोन घेऊ नका, डीडीआर5 च्या 8 जीबी स्टिकवर चिप कमी असतात आणि त्यांच्यात बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) पण निम्मे, त्यामुळे वेग तोच लिहिलेला असला तरी काम हळू. त्यापेक्षा 16-16 च सीएल36 मध्ये घ्या, आरजीबी सोडा, उंच हीटसिंकवाली पण सोडा, प्रोसेसरवरच्या टॉवर कूलरला अडते. आणि चार स्टिकचा नाद नकोच, रायझन 7000 वर चार लावल्या की एएमडीचा अधिकृत वेगच 3600 वर येतो. 64 लागणारच असेल तर 32-32 च्या दोन, एकाच पाकिटातल्या.