एमर्सन-थोरो की हॉथॉर्न-मेलव्हिल: आधी कुणाला वाचावं?

एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन साहित्य वाचायचं मनावर घेतलं की सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. एका वाटेवर राल्फ वाल्डो एमर्सन आणि हेन्री डेव्हिड थोरो, म्हणजे अतींद्रियवादी, ज्यांना ट्रान्सेंडेंटलिस्ट म्हणतात ते. दुसरीवर नॅथॅनिएल हॉथॉर्न आणि हर्मन मेलव्हिल. त्यांनीही हा विचार ऐकला, काही काळ त्याच्या सावलीत काढला आणि शेवटी तो मानायचं नाकारलं. नोकरी-संसार सांभाळून वाचणाऱ्याला दोन्हीकडचं सगळं वाचणं जमत नाही, तेव्हा आधी कुणाला हात घालायचा हा प्रश्न खराच आहे. माझं उत्तर आधीच सांगतो. समोर अन्याय दिसतोय आणि आपण काय करावं हे कळत नाही, अशी तगमग असेल तर थोरो. स्वतःच्याच आयुष्यात काही मोडलं असेल तर मेलव्हिल. एमर्सनचा मात्र एकच निबंध आधी घ्या, आणि तो त्याच्या गाजलेल्या निबंधांपैकी नको.

मूळ म्हणणं थोडक्यात असं. १८३६ साली एमर्सनचं ‘नेचर’ हे छोटं पुस्तक निनावी निघालं. माणसाच्या आत दैवी अंश आहे, निसर्गात तो थेट अनुभवता येतो, त्यासाठी पाद्री किंवा धर्मग्रंथ मध्ये लागत नाही, हा त्याचा गाभा. एमर्सन स्वतः बॉस्टनमध्ये पाद्री होता आणि १८३२ साली त्याने ते पद सोडलं होतं. १८३८ साली हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर त्याने हेच ठणकावून सांगितलं, तेव्हा असा गदारोळ उठला की पुढे जवळजवळ तीस वर्षं हार्वर्डने त्याला भाषणाला बोलावलं नाही. धर्मशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यूज नॉर्टन यांनी त्या विचाराला पाखंड ठरवलं. हा वाद मुख्यतः येशूच्या चमत्कारांच्या पुराव्याभोवती फिरतो. आज तो अभ्यासकांपुरता राहिला आहे, तो सोडला तरी चालेल. कवी आणि कथाकार एडगर ॲलन पो बॉस्टनच्या मंडळींना बेडकांच्या डबक्यातले म्हणून हिणवत असे. त्यात साहित्यिक भाऊबंदकी जास्त आणि विचार कमी.

खरी टीका शेजारघरातून आली. लग्न झाल्यावर १८४२ साली हॉथॉर्न बॉस्टनजवळच्या कॉन्कॉर्ड गावी ‘ओल्ड मॅन्स’ नावाच्या घरात भाड्याने राहायला आला. याच घरात एमर्सनने ‘नेचर’चा बराच भाग लिहिला होता, आणि नव्या जोडप्यासाठी परसात भाजीपाला लावून ठेवला होता तो थोरोने. म्हणून या टीकेत परक्याचा द्वेष नाही. ज्याच्याबरोबर गोठलेल्या नदीवर फिरायला जायचं त्याचंच म्हणणं पटत नाही, अशी ती अवघड जागा आहे.

दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहायच्या तर दोन प्रसंग घ्या. ‘नेचर’मध्ये एमर्सन संध्याकाळच्या वेळी एक उघडं माळरान ओलांडतो आहे. पायाखाली वितळत्या बर्फाची डबकी, वर ढगाळ आभाळ. काही चांगलं घडलेलं नाही, आणि तरीही त्याला एवढा आनंद होतो की त्याची भीती वाटावी. पुढे रानात त्याचा अहंकार गळून पडतो आणि तो म्हणतो की मी एक पारदर्शक डोळा झालो आहे. मी कुणीही नाही आणि मला सगळं दिसतं. आपल्याकडच्या वाचकाची इथे लगेच मान डोलते, कारण ही भाषा ओळखीची वाटते. ती जवळीक वरवरची नाही. एमर्सन आणि थोरो दोघांनी चार्ल्स विल्किन्सच्या इंग्रजी भाषांतरातून गीता वाचली होती. पण मान लवकर डोलते म्हणूनच दुसरा प्रसंग वाचायला हवा.

तो मेलव्हिलच्या ‘मोबी-डिक’ कादंबरीच्या (१८५१) पस्तिसाव्या प्रकरणात आहे. एक तरुण खलाशी देवमाशांवर नजर ठेवायला डोलकाठीच्या टोकावर उभा आहे. खाली लाटा संथपणे हलताहेत, त्यांच्या लयीत त्याचे विचार मिसळतात, आपण आणि समुद्र वेगळे आहोत हे तो विसरतो. सगळं विश्व एक झालं. एमर्सनला माळावर आली तीच ही अवस्था. मग मेलव्हिल सांगतो की आता तुझा पाय एक इंच सरकू दे, हाताची पकड सुटू दे, की तुझं वेगळेपण हादरून परत येईल. भर दुपारी, लख्ख हवेत, अर्धवट गुदमरलेली एक किंकाळी फोडत तू खाली पडशील आणि पुन्हा वर येणार नाहीस. चराचरात देव पाहणाऱ्यांनो, हे नीट ध्यानात घ्या, असं तो बजावतो. अनुभव खोटा आहे असं मेलव्हिल एका शब्दानेही म्हणत नाही. हा माणूस उभा कशावर आहे, एवढंच तो विचारतो. माझ्या मते अतींद्रियवादावरची सगळ्यात भेदक टीका या एका परिच्छेदात आली आहे. आणि ती करणारा एमर्सनचा शत्रू नव्हता. १८४९ साली बॉस्टनमध्ये त्याचं व्याख्यान ऐकल्यावर मेलव्हिलने मित्राला पत्रात लिहिलं होतं की खोल बुडी मारणारी सगळी माणसं मला आवडतात.

थोरोकडे आल्यावर पारडं फिरतं. १८४५च्या ४ जुलैला तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. जमीन एमर्सनची, झोपडी स्वतः बांधलेली, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हा हिशेब त्याने ‘वॉल्डन’ या पुस्तकात खिळ्यांच्या खर्चासकट छापला आहे, आणि म्हणून त्याचं अध्यात्म हवेत राहत नाही. (तळ्यातला बर्फ कापून दूरदेशी पाठवला जाई, तेव्हा मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात, असं त्याने लिहून ठेवलं आहे.) गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या सरकारला कर देणार नाही, म्हणून १८४६च्या जुलैत तो एक रात्र गावच्या तुरुंगात होता. दुसऱ्याच कुणीतरी कर भरला आणि सकाळी तो सुटला. त्या एका रात्रीतून निघालेला, आज ‘सिव्हिल डिसओबीडिअन्स’ (सविनय कायदेभंग) म्हणून ओळखला जाणारा निबंध १८४९ साली छापला गेला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हातात पडला.

याच्या शेजारी मेलव्हिलची ‘बार्टलबी’ (१८५३) ठेवा. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या कचेरीत कागदपत्रांच्या नकला उतरवणारा कारकून बार्टलबी एक दिवस सौम्यपणे काम नाकारतो. मग दुसरं काम, मग तिथून निघून जाणंही. शेवटी तोही तुरुंगात जातो. तो जेवणही नाकारतो, आणि भिंतीशी पाय पोटाशी घेऊन मेलेला सापडतो. थोरोला मनात डोकावून ठाऊक होतं की आपण बरोबर आहोत, आणि त्याला सोडवायला गावात माणसं होती. बार्टलबीला कुणी नाही. त्याच्या नकारामागे कुठलं तत्त्व होतं की फक्त थकवा, हे मेलव्हिल शेवटपर्यंत सांगत नाही. मेलव्हिलने थोरोला उत्तर म्हणून ही कथा लिहिली असा माझा दावा नाही. पण ‘आतला आवाज ऐक’ या सल्ल्याला, आतून आवाजच येत नसेल अशा माणसासाठी काही अर्थ उरतो का, हे या दोन तुरुंगांमधून जितकं लख्ख कळतं तितकं कुठल्याही समीक्षेतून कळत नाही.

हॉथॉर्नचा आक्षेप वेगळा होता. जॉर्ज रिप्ली या अतींद्रियवाद्याने बॉस्टनजवळ काढलेल्या ‘ब्रूक फार्म’ या सामूहिक शेतीत तो १८४१च्या वसंतात हजार डॉलर घालून दाखल झाला, शेण उपसलं, आणि वर्ष सरायच्या आत बाहेर पडला. त्यातून ‘द ब्लाइथडेल रोमान्स’ (१८५२) ही कादंबरी आली. अख्ख्या मानवजातीवर प्रेम करणारा सुधारक शेजारच्या माणसाला कसा चिरडतो, हे तिच्यात हळूहळू उलगडत जातं. चळवळीत काम केलेल्या कुणालाही त्यातला हा सुधारक, हॉलिंग्जवर्थ, ओळखता येईल.

पण त्याच वर्षी हॉथॉर्नने आपला मित्र फ्रँकलिन पिअर्स याचं निवडणुकीसाठी चरित्र लिहिलं. गुलामगिरी हा मानवी उपायांनी दूर होणारा दोष नाही, ईश्वरी योजनेत वेळ आली की ती स्वप्नासारखी विरून जाईल, असं त्यात आहे. पिअर्स राष्ट्राध्यक्ष झाला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलच्या वकिलातीतलं पद मिळालं. माणसाच्या मनातला अंधार इतका अचूक ओळखणारा लेखक साखळदंडातल्या लाखो माणसांबद्दल असं लिहितो, हे मला फार लागतं. उलट, ज्यांना चंद्रावरचे म्हणून हसलं गेलं ते अतींद्रियवादी उभे राहिले. १८५४ साली थोरोने मॅसॅच्युसेट्समधल्या गुलामगिरीच्या पाठराखणीवर जाहीर सभेत आसूड ओढले, १८५९ साली गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेल्या जॉन ब्राउनची बाजू कॉन्कॉर्डमध्ये मांडली. पापाची जाण माणसाला शहाणं करते. पण ती बसून राहायलाही शिकवू शकते. हा हिशेब हॉथॉर्नच्या खात्यावर मांडल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

आता एमर्सनचा तो निबंध. १८४२च्या जानेवारीत त्याचा पाच वर्षांचा मुलगा वाल्डो स्कार्लेट तापाने गेला. १८४४ साली आलेल्या ‘एक्स्पीरिअन्स’मध्ये तो लिहितो की मुलगा गेला म्हणजे एखादी सुंदर मालमत्ता गेली, तेवढंच, ते दुःख मी माझ्या जवळ आणू शकत नाही. दुःखही मला काही शिकवत नाही, याचंच दुःख वाटतं. वाक्य थंड वाटेल, पण त्यामागे स्वतःच्या तत्त्वज्ञानाची मर्यादा उघड्या डोळ्यांनी पाहणारा बाप आहे. आत्मनिर्भरतेवरचा त्याचा गाजलेला निबंध आधी वाचलात तर तो उपदेशक वाटेल आणि तुम्ही त्याला मिटून ठेवाल.

तेव्हा थोरोपासून सुरुवात करणार असाल तर ‘वॉल्डन’चं ‘इकॉनॉमी’ हे पहिलं प्रकरण चिकाटीने पुरं करा. लांब आहे, पण हिशेब तिथेच आहेत. मराठीतून हवं असेल तर दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आहे. मेलव्हिलपासून सुरुवात करणार असाल तर ‘बार्टलबी’ एका बैठकीत होते, आणि ‘मोबी-डिक’चं पस्तिसावं प्रकरण सुटंही वाचता येतं. पुरी कादंबरी मोकळ्या महिन्यासाठी राखून ठेवा. ‘नेचर’ सगळ्यात शेवटी घ्या, आणि दहा-बारा पानांत कंटाळा आला तर खुशाल बाजूला ठेवा.