सात महिने, चार कोर्स आणि सुटलेला सोल

ट्रेकिंगच्या बुटांचा सोल सुटला म्हणून हा रिव्ह्यू. सुटला नसता तर "जोडी मस्त, पैसे वसूल" एवढ्यावर काम भागलं असतं.

बूट कसे आहेत ते फार सांगायला नको, डोंगरात जाणाऱ्या निम्म्या लोकांच्या पायात हीच जात असते. नुबक लेदर, घोट्याच्या वर जाणारी मान, आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन, पीयूचा (पॉलियुरेथेन फोमचा) मिडसोल म्हणजे मधला थर, खाली रबराचा खाचांचा सोल. दर्जा बी1, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचे क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे) चालतात, त्यापुढचे नाहीत. सात महिन्यांत 53 दिवस वापर, आणि तो फिरायला नव्हे. अडथळ्यांचा, रॉक क्लाइंबिंगचा, रात्रीच्या नॅव्हिगेशनचा आणि बेसिक माउंटेनियरिंगचा, असे चार कोर्स. कोर्समध्ये एका दिवसात बुटांचे जे हाल होतात ते साध्या ट्रेकला आठवड्यात होत नाहीत, हे आधीच मान्य. कंपनीच्या बाजूने बोलायचं तेवढं बोलून झालं.

आता सोल. सोल सुटण्याचे दोन प्रकार असतात आणि लोक दोन्हींना "गम निघाला" म्हणतात. खरोखर गम निघाला की सुरुवात बहुधा बोटांकडून होते, जिथे बूट दर पावलाला वाकतो. फट उघडून आत पाहिलं तर दोन्ही बाजू गुळगुळीत, चकचकीत दिसतात. हे दुरुस्त होतं. दुसऱ्या प्रकारात गम जागेवरच असतो, पण त्याच्या वरचा पीयूचा फोमच फाटतो. फटीत दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे चिकटलेले दिसतात आणि बोट फिरवलं की ओल्या बिस्किटासारखा भुगा हातात येतो. या जोडीचा डावा बूट टाचेकडून असाच गेला आणि पाठोपाठ उजव्याच्या कडेला बारीक तडे आले.

कारण वापर नाही, पाणी. पीयूच्या, त्यातही एस्टर जातीच्या फोमच्या साखळ्या हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू तुटत जातात. बूट घालून चाललं तर फोम दाबला जातो, मोकळा होतो, आतली दमट हवा हलती राहते. खोक्यात पडून राहिले तर ओलावा निवांत बसून काम करतो. साधारण पाच-सात वर्षांत फोम असा जातो, उष्ण आणि दमट जागी त्याच्याही आधी. म्हणून न वापरलेले "नवेकोरे" बूट पहिल्याच मोठ्या चालीत उघडतात. जिभेच्या आत शिवलेल्या लेबलावर तयार झाल्याचा महिना-वर्ष असतं. या जोडीचं लेबल सोल सुटल्यावर वाचलं, तर विक्रीच्या आधी चार वर्षं गोदामात. घसघशीत सवलत का होती, ते तेव्हा कळलं. स्वस्तात मिळाली म्हणून सहा महिने मिरवलेली जोडी ती हीच.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "नैसर्गिक झीज वॉरंटीत येत नाही." सोलच्या खाचा अजून चार मिलीमीटर खोल आहेत. झीज नक्की कशाची झाली, या साध्या प्रश्नाला तीन ईमेलमध्ये उत्तर नाही. चौथ्यात पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. म्हणजे पुन्हा गोदामातलीच जोडी.

घ्यायच्या आधी तारीख बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. मिडसोलच्या कडेवर अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगला फोम लगेच वर येतो, गेलेल्यावर खळगा राहतो. मग चवड्याशी बूट वाकवा आणि कडेला केसासारखे तडे दिसतात का ते उजेडात पाहा. एक मिनिटाचं काम आहे.

कोर्स चालू असताना सोल सुटला तर झटपट चिकटणारा गम लावू नका. तो कडक होतो आणि नेमका वाकण्याच्या रेषेवर तडकतो. चार मिलीमीटर जाडीची दोन मीटर दोरी लागते. मधला भाग टाच आणि चवडा यांच्यामधल्या कमानीखालून घ्या, तिथे ती जमिनीला घासत नाही. दोन्ही टोकं पायाच्या वरच्या बाजूला फुली करून, घोट्यामागून फिरवून पुढे गाठ मारा. बोटांकडे सुटला असेल तर तिथे कापडी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका, खडकावर ती तासाभरात फाटते. दोरी दर दोन तासांनी आवळावी लागते. अशा बांधलेल्या बुटावर नॅव्हिगेशनचे शेवटचे दोन दिवस निघाले.

इन्स्ट्रक्टर मंडळींचं यावर एक आवडतं वाक्य असतं: सामानाने काही होत नाही, माणूस टिकला पाहिजे. या वाक्याला परंपराही आहे. असे कोर्स ज्या आउटवर्ड बाउंडमुळे जगभर पसरले, ती संस्था 1941 साली वेल्समधल्या ॲबरडोव्हीला तरुण खलाशांसाठी सुरू झाली. बुडालेल्या जहाजांवरचे तरुण, धडधाकट खलाशी मुरलेल्या म्हाताऱ्यांच्या आधी हार मानतात, अशी तेव्हाची चिंता होती. मान्य. पण 1935 साली इटलीतल्या पुंटा रासिका शिखरावर सहा गिर्यारोहकांचा जीव गेला. चढाईसाठी घातलेले हलके बूट बिघडलेल्या हवेत कुचकामी ठरले होते. त्यातून वाचलेल्या विताले ब्रामानीने दोन वर्षांत खाचांचा रबरी सोल काढला. त्याच्या नाव-आडनावातून झालेलं व्हिब्रम हे नाव आज त्याच इन्स्ट्रक्टरांच्या बुटांखाली पिवळ्या अष्टकोनात असतं. माणूस टिकतो हो, सोलनेही टिकायला काय हरकत आहे?

बाकी बुटाबद्दल.

अडथळ्यांच्या कोर्समध्ये बुटाचा खरा शत्रू चिखल नाही, दोर. दोरावर चढताना एका पावलाच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून दोर घेऊन पाय लॉक करतात. उतरताना तो लॉक जरा सैल सोडून घसरतात आणि ते घर्षण दोर ज्या पायावरून जातो त्या बुटाच्या खालच्या दोन भोकांवर येतं. सहाव्या दिवशी तिथली लेस वातीसारखी झाली होती, लेदरला मात्र फक्त चमक आली. लेस उलटी ओवली की खराब भाग वरच्या हुकांकडे जातो आणि आणखी आठवडा निघतो. 180 सेंटीमीटरची जादा जोडी सॅकमध्ये असावी.

खडकावर बुटाने पैसे फेडले. पायाच्या अंगठ्याखालची आतली कड सेंटीमीटरभर कपारीवर ठेवायची, टाच किंचित खाली, आणि वजन हातांवर न घेता तिथे उभं राहायचं. मऊ बुटात हे करताना पोटऱ्या थरथरायला लागतात. यातल्या कडक पट्टीमुळे बूट फारसा वाकत नाही, भार हाडांवर येतो. उलट तिरप्या सपाट खडकावर नुसत्या घर्षणाने उभं राहायचं असेल तर हाच कडकपणा नडतो. रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरताना, वरचे दोन हुक सोडून घ्या. घट्ट बांधलेली मान घोटा वाकू देत नाही, माणूस नकळत चवड्यांवर येतो आणि सरकतो. पाय खांद्याइतके फाकवून पूर्ण तळवा खडकाला लागला पाहिजे.

वॉटरप्रूफबद्दल मत दोनदा बदललं. पहिल्या महिन्यात दवाने भिजलेल्या गवतात मोजे कोरडे राहिले म्हणून पाचपैकी पाच देऊन टाकले होते. मग गुडघाभर ओढे आले. पाणी वरून आत गेलं की मेम्ब्रेन त्याला आतच राखतं, आणि हे बूट वाळायला दोन-तीन दिवस घेतात. ओढ्यात बूट काढून अनवाणी जाऊ नका, खालचा दगड दिसत नाही. मोजे आणि आतला सुटा इनसोल काढून सॅकमध्ये ठेवा, बूट तसेच घाला, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा आणि मग उतरा. पलीकडे बूट उपडे करून झटका, कोरडे मोजे घाला. रात्री आत कागदाचे बोळे कोंबा आणि दर तासाला बदला. शेकोटीजवळ अजिबात नको, लेदर आक्रसतं आणि गम मऊ पडतो. तेव्हा ठरवलं होतं की पुढची जोडी बिनमेम्ब्रेनची. पुढे बेसिकच्या कोर्सला ओल्या बर्फात दिवसभर राहून मोजे फक्त घामाने दमट झाले आणि तो निश्चय डळमळला. आता मत असं: बर्फ असेल तर हवं, ओढे असतील तर नको.

फोडांचा दोष बुटाला देऊ नका, लेसला द्या. 16 किलोची सॅक घेऊन उतारावर पाय पुढे सरकतो, नखं पुढच्या भिंतीवर आपटतात आणि तिसऱ्या दिवशी काळी पडतात. बोटांवर लेस सैल, पायाच्या वाकाशी दोन वेढ्यांची गाठ, त्याच्या वर घट्ट: एवढ्याने टाच जागेवर बसते. चढावर वरचा भाग सैल करा. टाच गरम लागायला लागली की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हटलं की फोड आलाच.

कोर्सने दिलं काय, असं विचारलं तर हेच बूट दाखवता येतील. पहिल्या कोर्सनंतर दोन्ही टाचांच्या बाहेरच्या कडा झिजल्या होत्या, कारण उतारावर पाय आदळत पडायचे. चौथ्यानंतर नवी झीज तळव्यावर सारखी पसरली आहे. चढावर मागचा गुडघा सरळ करून क्षणभर हाडावर उभं राहायची चाल एकदा अंगात बसली की 4,000 मीटरवरही धाप आटोक्यात राहते. एरवी ही चाल शिकायची वेळच येत नाही. त्यासाठी पाठीवर सॅक लागते, पहाटे चारला उठवणारं कोणीतरी लागतं आणि मागे फिरायची सोय नसावी लागते.

तर निकाल. नवी जोडी घेतलेली नाही. वरचं लेदर धडधाकट असताना टाकायचं कशाला? जुना पीयू पूर्ण खरवडून ईव्हीए या दुसऱ्या जातीच्या फोमचा मिडसोल आणि नवा रबरी सोल बसवून घेतला. ईव्हीए पाण्याने असा कुजत नाही, मात्र ओझ्याखाली दबून कायमचा चपटा होतो. नुसता गम गेला असेल तर घरीच करा: दोन्ही बाजू खरखरीत पॉलिशपेपरने घासा, स्पिरिटने पुसा, निओप्रीनच्या गमचे दोन पातळ हात द्या, दुसरा हात बोटाला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्या, मग दाबून 24 तास बांधून ठेवा. घाई करून ओल्यावर दाबलं की महिन्याभरात परत तेच.

नव्या सोलवर 11 दिवस झाले आहेत. बूट थोडे हलके वाटतात. टाचेशी मात्र दीड मिलीमीटर दबलेले आत्ताच मोजले. पुढचा कोर्स ओढ्यांचा आहे. चार मिलीमीटरची दोन मीटर दोरी सॅकच्या वरच्या खणात ठेवली आहे.